खांडेनवमीचा नवस

“सुई कापडात असताना हात ओढायचा न्हाय. आदी तिला वर येऊ दे, मग सरकव. तिला घाई केलीस तर मोडंल, आन् मोडलेली सुई डोळा बघत न्हाय, बोट बघत न्हाय.”

हा आवाज मायाप्पाचा. त्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तो हे कोणाला सांगत होता ते आता आठवत नाही, पण ऐकत मी होते.

मित्रांनो, मी जाड कापड शिवणारी एक जुनी मशीन आहे. माझा जन्म पंजाबातल्या एका ओतकाम कारखान्यातला. तिथून मालगाडीने मी कुर्डुवाडीला आले आणि तिथून ट्रकमध्ये, कांद्याच्या पोत्यांच्या मधे, सोलापूरला. मायाप्पाने मला दारात उतरवून घेतले, माझ्या चाकाला भंडारा लावला आणि त्याच दिवशी माझ्या सुईखाली ताडपत्री घातली. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळणेवाले आणि खेळणीवाले जी पाले ठोकतात, त्यांतली निम्मी तेव्हा माझ्या सुईखालून गेलेली असत. चार पदरी कापड, वर दोरीची घडी, तरी माझा टाका चुकत नसे. मायाप्पा गिऱ्हाइकाला म्हणायचा, “ही बाई खाऊन बघितल्याबिगर कापड सोडत न्हाय.” मला फार बरे वाटायचे.

मायाप्पा गेला. त्याच्या सुनेने मला अक्कलकोट रस्त्याकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शिलाई कारखान्यात देऊन टाकले. तिथे शाळेचे गणवेश शिवत. पांढरे शर्ट, निळे स्कर्ट, सगळे पातळ कापड. माझ्यासारखीला तिथे काय काम? नव्या, विजेवर चालणाऱ्या, हलक्या मशिनी ओळीने बसल्या होत्या. मला कोपऱ्यात ढकलले. माझ्यावर पुठ्ठे आले, पुठ्ठ्यांवर उंदीर आले. चाक गंजून घट्ट बसले. किती वर्षे तशी गेली ते मी मोजले नाही.

मग एका दूरच्या देशात युद्ध सुरू झाले, आणि मी कोपऱ्यातून बाहेर आले.

हे वाक्य सांगताना मला लाज वाटते, मित्रांनो. पण खोटे सांगून काय करू? त्याच्या शेजारच्या मोठ्या देशाने त्या देशात फौज घुसवली होती. घरे पाडली, दवाखाने पाडले, माणसे भुयारात राहू लागली. त्या देशाला आणखी एक श्रीमंत देश मदत पाठवत होता. बंदुका, औषधे आणि सैनिकांनी छातीवर बांधायची जाड जाकिटे. गोळी अडवणारा पत्रा ज्यात बसतो ते जाकिटाचे कापडी कव्हर शिवायचे काम, कोणाकोणाच्या हातांतून फिरत, आमच्या कारखान्यात आले. कापड इतके चिवट की नव्या मशिनींच्या सुया काडीसारख्या मोडायला लागल्या. तेव्हा आमचे सुपरवायझर गुरुशांत यांना मी आठवले. त्यांनी पुठ्ठे उचलले, चाकात रॉकेल सोडले, मला मोटर बसवली. पहिल्या दिवशी मी सहा पदर एका दमात शिवले तेव्हा सगळ्या बाया उठून बघायला आल्या. मला पुन्हा मायाप्पाचे दिवस आले असे वाटले. लांब कुठे काय जळते आहे म्हणून माझी सुई फिरते आहे, हे मी त्या दिवशी मनात येऊ दिले नाही.

माझ्यावर अक्कम्माला बसवले. सगळ्यांत शांत म्हणून. पन्नाशीची, कपाळाला विभूतीची तीन बोटे, गळ्यात रेशमी दोऱ्यात लिंग. सोमवारी पाण्याच्या घोटाशिवाय काही घ्यायची नाही. रोज बसण्याआधी माझ्या माथ्याला चिमूटभर विभूती लावायची आणि हळूच कानडीत काहीतरी म्हणायची. नवरा लवकर गेला होता. एकच मुलगा, शिवू, परदेशात हॉटेलात कामाला आहे, एवढेच तिने सांगितले होते. त्याहून जास्त तिला कोणी विचारले नाही, आणि ती आपण होऊन बोलणाऱ्यांतली नव्हती.

तिच्या डाव्या हाताला राजाबाई बसायची. राजाबाईने वीस वर्षे विड्या वळल्या होत्या. तंबाखूची पूड तिच्या छातीत बसली होती, बोलताना मधेच शिट्टीसारखा आवाज यायचा. हे काम मिळाल्यापासून तिचा खोकला निम्म्यावर आला होता. उजवीकडे सोनम, ओळीतली सगळ्यांत धाकटी, बारावी झालेली, तोंडाळ.

काम दोन वर्षे चांगले चालले. तिसऱ्या वर्षी गणपती बसायच्या आधी गुरुशांतनी सगळ्यांना उभे केले.

ते म्हणाले, “नीट ऐका. मदत देणाऱ्या देशातली माणसं आता कंटाळली आहेत. अजून किती वर्षं द्यायचं, असं त्यांच्यात चाललंय. दिवाळीनंतर त्यांच्या सभागृहात मतं पडणार. लांब मुदतीची मदत द्यायची असं ठरलं, तर आपल्याला तीन वर्षं काम. नाही ठरलं, तर हे काम बंद आणि गेटला कुलूप. गणवेश तर आता बाहेरून तयारच येतात.”

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच राहिला नाही. ज्या देशांची नावे नीट उच्चारता येत नव्हती, त्यांच्यावरून भाकरीचे तुकडे हातात धरून वाद व्हायचा. सोनम मोबाइलवर बातम्या लावायची. कोणी कोट घातलेला माणूस हात नाचवत बोलायचा, आणि खाली मराठीत अक्षरे सरकायची.

“त्याचं बरोबरच हाय की,” सोनम म्हणायची. “म्हंतो, आमच्या पोरांच्या शाळा गळायल्यात आन् आमी दहा वर्षांचा शब्द देऊ का? एकदा द्या, दोनदा द्या. जन्मभर कुणी देतंय का?”

“तुझ्या घरात दांडगा शिरला, आन् मी तुला एक डाव काठी दिली,” राजाबाई म्हणायची. “काठी मोडली. मग मी म्हणू का, आता तुझं तू बघ, मला कंटाळा आला?”

“पण काकू, काठी देत ऱ्हायलं की मारामारी बी चालूच ऱ्हाती.”

“काठी काढून घेतली तर थांबती व्हय? नुसते मरणारे बदलतात. आन् शब्द लांबचा दिला की दांडगा बी इचार करतो. आज न्हाय उद्या हे दमतील म्हणून तर तो बसलाय तितं.”

“तुमाला तिथल्या लोकांचं पडलंय की हितल्या मशिनीचं?”

“दोनीचं,” राजाबाई म्हणाली. “मी परत विड्या वळायला बसू का? तू बस. तुझी छाती अजून कोरी हाय.”

सगळ्या हसल्या. मित्रांनो, मला तर दोघींचेही खरे वाटायचे. राजाबाईचे जास्त. ज्याच्या घरात फौज शिरली त्याला मधेच सोडू नये, हे मलाही कळत होते. अक्कम्मा तेवढी बोलायची नाही. ती डबा उघडायची आणि झाकण परत लावून ठेवायची.

ती का बोलत नव्हती ते गौरी जेवल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळले.

जेवणाची सुट्टी होती. अक्कम्माचा मोबाइल वाजला. तिला कमी ऐकू यायचे, म्हणून स्पीकर नेहमी मोठा असायचा. चित्रासकट फोन होता. तिने घाईघाईने मोबाइल पोटाशी धरला, पण आवाज ओळीभर गेला.

“अव्वा, मी शिवू. लवकर बोलतो, परत मिळंल का न्हाय माहीत न्हाय. अव्वा, हितं सगळे म्हणायलेत, त्यांची मदत बंद होणारे. मदत बंद झाली की महिन्याभरात मिटंल, मग आमाला घरी सोडतो म्हणून साहेबानं सांगितलंय. तू फकस्त देवाला सांग, मदत बंद होऊ दे म्हणून. ऐकायलीस ना?”

सोनम पाणी द्यायला मागे आली होती. मोबाइल पोटाशी जाण्याआधीच तिने पडद्यावरचा मुलगा पाहिला होता. अंगात फौजेचा डगला, दाढी वाढलेली, मागे मातीचा खंदक. फोन तुटला.

“मावशी,” सोनम म्हणाली, “ह्यो कुठल्या हॉटेलात हाय?”

मग अक्कम्माने सांगितले. हळू आवाजात, भाकरीकडे बघत. एका एजंटाने हॉटेलात हेल्परचे काम म्हणून नेले. तिथे उतरल्यावर कागदावर सह्या घेतल्या. भाषा समजत नव्हती. आधी स्वयंपाकात ठेवले, मग खंदक खणायला लावले, आता हातात बंदूक दिली आहे. जी फौज दुसऱ्याच्या देशात शिरली, त्या फौजेत. सोबत आपल्याकडचे आणखी दोघे आहेत. तिने सरकारी कचेऱ्यांत अर्ज दिले, मोठ्या लोकांच्या दारात उभी राहिली. बघतो म्हणाले.

कोणी तिच्या पाठीवर हात ठेवील असे मला वाटले होते. कोणी ठेवला नाही.

“म्हंजे आमी हितं कव्हरं शिवायची,” राजाबाई म्हणाली, “आन् हिच्या पोरानं त्यातनं गोळी आरपार घालायची.”

“त्याला फसवलंय, राजाबाई.”

“फसवलंय त्येला. पण घर पाडायलाय कुणाचं? आन् तू दर सोमवारी उपाशी ऱ्हाऊन काय मागायलीस देवाला, ते आज कळलं. आमच्या पोटावर पाय.”

“मी त्याला घरी आण एवढंच मागती.”

“तेच ते,” राजाबाई म्हणाली.

त्या दिवसापासून अक्कम्माच्या ओळीतल्या बाया तिच्याशी कामापुरते बोलू लागल्या. ती पाण्याच्या माठाकडे गेली की बोलणे थांबायचे. कोणीतरी गुरुशांतच्या कानावर घातले की हिच्या हातची शिवण बघत जा, मुद्दाम कच्ची ठेवील. गुरुशांत वाईट माणूस नव्हते, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचे होते. ते रोज संध्याकाळी तिची कव्हरे वेगळी काढायचे, सगळ्यांसमोर लोखंडी आकड्यात अडकवून ओढायचे. बाकीच्यांचे दहातले एक ओढायचे, तिचे प्रत्येक. ती हात पदराखाली घेऊन उभी राहायची. एकही शिवण कधी सुटली नाही. “बरंय,” ते म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत ओढायचे.

मित्रांनो, एक गोष्ट फक्त मला माहीत आहे. एका दुपारी तिने एक कव्हर शिवताना दुहेरी टिपेच्या जागी एकेरी टीप मारली. चुकून नव्हे, तिचा पाय मला कळतो. छातीच्या मधोमध, पत्रा जिथे सरकतो नेमके तिथे. वरून बघून कोणाला कळले नसते, आकड्यानेही कदाचित कळले नसते. तिने ते कव्हर गठ्ठ्यावर ठेवले. दुसरे घेतले. दुसरे अर्धे झाल्यावर थांबली, गठ्ठ्यातले ते ओढून काढले आणि पुन्हा माझ्या सुईखाली घातले. दुसरी टीप मारली. तिच्यावर तिसरीही. “हे घालणाराबी कुणालातरी अव्वा म्हणत असंल नव्हं त्याच्या भाषेत,” असे ती पुटपुटली. मग डोळे पुसून दोरा तोडला.

हे मी कोणाला सांगणार? मला आवाज आहे तो फक्त खडखडाटाचा.

नवरात्र आले. खांडेनवमीला शस्त्रांची पूजा असते, तशी यंत्रांचीही. आम्हा सगळ्यांना पुसून झेंडूच्या माळा घातल्या. गुरुशांतनी नारळ फोडला. मी थोरली म्हणून पूजेचा मान माझा. सिद्धरामेश्वरांची तसबीर भिंतीवरून उतरवून माझ्याच पाटावर ठेवली होती.

“ह्या वर्षी नुसती पूजा नको,” राजाबाई म्हणाली. “नवस बोलू. मतं आपल्या बाजूनं पडली तर अडुसष्ट लिंगांना अनवाणी जाऊन तेल घालायचं.”

सोलापूरच्या पंचक्रोशीत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगे आहेत. सगळी पायी करायची तर अख्खा दिवस मोडतो, आणि अनवाणी तर पायाची साल निघते. नवस सगळ्यांना पटला. जायचे कोणी, एवढाच प्रश्न होता.

“बोलायचा अक्कम्मानं, फेडायचा बी अक्कम्मानं,” राजाबाई म्हणाली. “दर सोमवार करती. तिचं तोंड देवाच्या ओळखीचं हाय. आन् ती कुणाकडनं हाय ते आमालाबी कळंल.”

“काकू, असं नका करू,” सोनम म्हणाली. “तिचा पोरगा हाय तितं. आन् आपण काय मागायलोय? लढाई चालू ठेव म्हणून?”

“लढाई न्हाय. मदत.”

“तिला ते एकच हाय की.”

“मग तिनं तसं सांगावं. मी तुमच्यातली न्हाय, म्हणावं. आमी काय बळजबरी करायलोय व्हय?”

गुरुशांत म्हणाले, “अहो, देवाधर्माचं काम आहे, वाद कशाला? अक्कम्मा, तुम्हाला नको असेल तर राहू द्या.” पण ते तिच्याकडे न बघता नारळाची शेंडी उपटत होते. ओळीतल्या बावीस बाया तिच्याकडे बघत होत्या. त्यांतल्या कित्येकींच्या घरी दुसरे कमावणारे नव्हते, आणि हे तिलाही माहीत होते.

अक्कम्मा पुढे आली. माझ्या माथ्यावर तळहात ठेवला. डोळे मिटून कानडीत सुरुवात केली.

“मराठीत बोल गं,” राजाबाई म्हणाली. “देवाला समदं कळतं. आमाला न्हाय कळत.”

अक्कम्मा थांबली. तिचा तळहात माझ्या लोखंडावर ओला झाला होता.

“सिद्धरामेश्वरा,” ती म्हणाली, “त्या देशाला जी मदत मिळती, ती थांबू देऊ नको.”

“लांब मुदतीची, म्हण.”

“लांब मुदतीची मदत मिळू दे. हितल्या बायांचं काम जाऊ देऊ नको. तसं झालं तर मी ह्याच दारातनं अनवाणी निघून अडुसष्ट लिंगांना तेल घालीन.”

एवढेच बोलली. स्वतःसाठी त्यात एक शब्दही घातला नाही. दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध असताना देवापुढे कसे उभे राहायचे, हे तिला कळले नसावे. राजाबाईने तिला अंगारा लावला आणि आपल्या हाताने प्रसादाची वाटी दिली. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या हाताला कोणाचा हात लागला.

त्यानंतर शिवूचा फोन एकदाच आला, दिवाळीच्या आदल्या दिवशी. तिने फोन कानाला घट्ट लावला होता, तरी मला ऐकू आले.

“अव्वा, देवाला सांगितलंस का?”

तिने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “सांगितलंय रे बाळा. तू जेवलास का?”

ती त्याच्याशी खोटे बोलली नाही, बघा. पण खरेही बोलू शकली नाही.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी मते पडली. सकाळी आम्ही सुरू व्हायच्या आधीच गुरुशांत पेढ्यांचा खोका घेऊन आत आले. लांब मुदतीची मदत मंजूर झाली होती. तीन वर्षांचे काम पक्के झाले होते. बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. राजाबाई खाली बसून रडली, मग खोकली, मग हसली. त्या दूरच्या देशातही त्या दिवशी भुयारांतून लोक वर येऊन रडले असतील. त्यांचे रडणे खरे होते, राजाबाईचेही खरे होते. हे मी विसरत नाही.

“पैला पेढा अक्कम्माला,” राजाबाई म्हणाली. “तुझ्या तोंडाला यश हाय, बाई.”

तिने पेढा तिच्या तोंडाजवळ धरला. देवाच्या नावाचा म्हणून अक्कम्माने तोंड उघडले. तो तिला गिळवेना. शिवायला बसल्यावरही कितीतरी वेळ तिचा गाल फुगलेला होता.

मते पडल्यावर बारा दिवस शिवूचा फोन आला नाही. तेराव्या दिवशी त्याच्याबरोबरच्या एका मुलाचा आवाज मोबाइलवर आला, आधीच बोलून ठेवलेला. अक्कम्माला ते उघडता येत नव्हते. तिने मोबाइल सोनमकडे दिला.

“काकी, मी शिवूसोबतचा. सकाळी तो पाणी आणायला गेला होता. वरनं काहीतरी पडलं. आमी गेलो, पण आणता आलं न्हाय त्याला. तिथंच हाय तो. मदत मंजूर झाल्याधरनं हितं मागं कुणालाच सोडीनात, पुढंच ढकलायलेत. काकी, मला माफ करा.”

सोनमने मोबाइल खाली ठेवला. ओळीतल्या सगळ्या मशिनी एकेक करत थांबल्या. माझी मोटर तेवढी चालू राहिली, कारण अक्कम्माचा पाय पेडलवरून निघालाच नव्हता. खाली कापड नसताना सुई वरखाली होत होती.

अक्कम्मा लिंगायत, त्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर त्याचे लिंग ठेवतात आणि मातीआड करतात. शिवू जाताना एजंटाने गळ्यातले काही ठेवू नका म्हणून सांगितले होते. त्याचे लिंग तो आईकडेच ठेवून गेला होता. त्याला बसवायला माती नव्हती, आणि तिच्याजवळ लिंग होते पण तो तळहात नव्हता.

तीन दिवसांनी अक्कम्मा कामावर आली. बाया तिच्याजवळ येऊन चुकचुकल्या, हातावर हात ठेवला. मग जेवणाच्या सुट्टीत, ती माठाकडे गेलेली बघून, एक जण म्हणाली, “नवस तसाच ऱ्हायलाय. फेडला न्हाय तर आलेलं काम परत जातं म्हणतात.”

“तिला सुतक हाय की आता,” सोनम म्हणाली. “दुसरी कुणीतरी जा.”

राजाबाई भाकरी मोडत होती. वर न बघता म्हणाली, “लिंगायतात सुतक पाळत न्हाईत. जाऊ शकती की.”

अक्कम्मा पाण्याचा तांब्या घेऊन मागेच उभी होती. तिने ऐकले. राजाबाईलाही कळले की तिने ऐकले. राजाबाईच्या छातीतून ती शिट्टी आली. तिने मोडलेली भाकरी डब्यात परत ठेवली. 

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. शाळेत, कॉलेजात वादविवाद कराल. ज्याच्या देशात दुसऱ्याची फौज शिरली त्याला किती वर्षे मदत द्यावी, हा प्रश्न तुमच्याही पुढे येईल. जरूर बोला. मला विचाराल तर, द्यावी असेच मी म्हणेन. ज्याचे घर पाडले जाते आहे त्याचा हात मधेच सोडू नये. पण एवढे करा. बोलण्याआधी आपल्या ओळीत कोण बसले आहे ते बघून घ्या. तुमचे म्हणणे कितीही बरोबर असो, ज्याचे काळीज त्याच्याखाली चिरडले जाणार आहे त्याच्याच तोंडून ते वदवून घेऊ नका. माझ्यासारख्या लोखंडाला गंज चढला तर रॉकेलने निघतो. मी वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडून राहिले आणि परत चालू झाले. माणसाला तसे एकदा पुठ्ठ्याखाली ढकलले की तो परत चालू होईलच असे नाही. यंत्रांची काळजी घ्या, अवश्य घ्या, पण शेजारी बसलेल्याची आधी घ्या.

सोमवार उजाडला. कारखान्याचे दार नुकतेच उघडले होते. अक्कम्मा आली, धुतलेले लुगडे, कपाळाला विभूती. हातात तेलाची किटली, पदरात बेलाची पाने. तिने चपला दाराशी काढल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या.

सोनम उठून तिच्याजवळ गेली. “मावशी, मी येती संगं. एवढं लांब एकटी नका जाऊ.”

“तू बस मशीनवर,” अक्कम्मा म्हणाली. “काम अडायला नको.”

“मग मी जाती,” राजाबाई आपल्या जागेवरूनच म्हणाली. तिने हात पुढे केला. “दे ती किटली. बोलायला मीच लावलं होतं.”

अक्कम्माने तिच्याकडे पाहिले. त्या बघण्यात राग असता तर राजाबाईला सोपे गेले असते.

“लावलं तू,” ती म्हणाली. “पण देवानं आवाज माझा ऐकलाय.”

सोनम माझ्यावर बसली. तिच्या पायाला माझी सवय नव्हती, पहिला टाका वेडावाकडा पडला. दाराबाहेर रस्त्यावर खडी पडलेली होती. अक्कम्माने लुगड्याचा काठ जरा वर धरला, किटली डाव्या हातात घेतली आणि पहिल्या लिंगाच्या दिशेने चालू लागली.